न वाचलेली संहिता : फुकट सॉफ्टवेअरच्या जोडसंचांचा उदय आणि अस्त

१. विषयप्रवेश

गेल्या काही दशकांत तौलनिक साहित्याभ्यासाने 'संहिता' या संकल्पनेची कक्षा बरीच विस्तारली आहे. जाहिराती, न्यायालयीन निवाडे, प्रवासी मार्गदर्शिका, शासकीय परिपत्रके या साऱ्यांकडे आपण वाचनाचे विषय म्हणून पाहू लागलो आहोत. तथापि कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांपुढून गेलेला आणि जवळजवळ कोणीही न वाचलेला एक लेखनप्रकार या अभ्यासात फारसा आलेला नाही. तो म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर येणारी परवान्याची, सूचनांची आणि पर्यायांची संहिता.

प्रस्तुत लेखात या संहितेच्या एका विशिष्ट उपयोगाचा विचार करावयाचा आहे. एखादे मोफत सॉफ्टवेअर महाजालावरून उतरवून घेताना, वापरकर्त्याने न मागितलेली एक वा अनेक सॉफ्टवेअरे त्याच्यासोबत संगणकावर बसवण्याची पद्धत साधारणपणे १९९८ ते २०१६ या काळात मोठा व्यवसाय बनली होती. ब्राउझरच्या माथ्यावर चिकटणारे टूलबार, परस्पर बदललेले मुखपान, सतत उघडणाऱ्या जाहिराती ही तिची परिचित लक्षणे होत. या एकत्र बांधलेल्या गाठोड्याला येथे 'जोडसंच' असे म्हटले आहे.

जोडसंचाचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाचा किंवा फसवणुकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. पण त्याबरोबर तो वाचनाच्या अभावाचाही इतिहास आहे. जोडसंच उभा राहिला तो वाचक वाचणार नाही या खात्रीवर. पुढे तो कोसळला, तेव्हाही वाचक वाचू लागला होता असे नव्हे. त्याच्या वतीने दुसरेच कोणी वाचू लागले होते. ही अदलाबदल नेमकी कशी झाली आणि तिची किंमत काय, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. 'फ्री' या शब्दाची संदिग्धता

इंग्रजीतील 'फ्री' हा शब्द किंमत नसणे आणि बंधन नसणे असे दोन अर्थ एकाच वेळी वाहतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या संदिग्धतेचा खुलासा त्यांना सतत करावा लागला. त्यांना अभिप्रेत असलेले 'फ्री' हे स्वातंत्र्याशी संबंधित होते, दामाशी नव्हे.

मराठी वाचकाला हा खुलासा फारसा लागत नाही. आपल्याकडे 'मुक्त', 'मोफत' आणि 'फुकट' असे तीन वेगळे शब्द आहेत. 'मुक्त' या शब्दामागे मोक्षविचाराची परंपरा उभी आहे. फारसीमार्गे आलेला 'मोफत' हा शब्द व्यवहाराचा आणि शासकीय योजनांचा आहे. 'फुकट' या शब्दात मात्र दाम नसण्याबरोबर अवमूल्यनही आहे. 'श्रम फुकट गेले' असे आपण म्हणतो तेव्हा तो 'व्यर्थ' या अर्थाला पोचतो, आणि 'फुकटचे' म्हटले की ते घेणाऱ्यावरही किंचित ठपका येतो. जोडसंचाच्या इतिहासात हे तिन्ही अर्थ एकामागून एक येतात. मुक्ततेच्या नावाने सुरू झालेली चळवळ, मोफत वाटपाचा व्यवहार आणि अखेरीस ज्याची किंमत नंतर कळते असे फुकट, असा तो क्रम आहे.

३. पूर्वपीठिका : लेखकाची विनंती आणि तबकडीची अनुक्रमणिका

जोडसंचापूर्वी मोफत सॉफ्टवेअरच्या वाटपाच्या तीन रीती रूढ होत्या. त्या तिन्हींमध्ये संहिता वाचली जाणे गृहीत धरलेले होते.

पहिली रीत १९८२ च्या सुमारास अमेरिकेत आकाराला आली. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम बटन यांनी 'पीसी-फाइल' या आज्ञावली लोकांनी एकमेकांना द्याव्यात अशी मुभा दिली. आवडल्यास लेखकाला काही रक्कम पाठवावी, एवढीच विनंती केली. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' याच रीतीने वितरित केली. 'फ्रीवेअर' आणि 'शेअरवेअर' हे शब्द या व्यवहारातून रूढ झाले. येथे लेखक नावानिशी वाचकाला उद्देशून बोलत होता आणि त्याची विनंती वाचली जाण्यावरच त्याची प्राप्ती अवलंबून होती.

दुसरी रीत स्टॉलमन यांच्या चळवळीची. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना म्हणजे वाचकाचे हक्क सांगणारा जाहीरनामा होता. तो सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीसोबत जावा असा त्याचा आग्रह होता. मात्र पुनर्वितरणाचा हक्क या परवान्यात सर्वांनाच मिळतो, व्यापाऱ्यालाही मिळतो. मुक्त सॉफ्टवेअरभोवती गाठोडे बांधण्याची वाट पुढे याच हक्कातून निघाली. हा परवान्याचा दोष नव्हे. ज्या औदार्यावर तो उभा आहे त्या औदार्याचा हा परिणाम आहे.

तिसरी रीत भारतीय वाचकाच्या अधिक ओळखीची. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तरी दूरध्वनीच्या तारेवरून मोठे सॉफ्टवेअर उतरवून घेणे पुढची अनेक वर्षे दुरापास्तच होते. संगणकविषयक मासिकांसोबत येणारी तबकडी ही त्या काळी मोफत सॉफ्टवेअरची खरी वाट होती. भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने २००५ मध्ये प्रथम तमिळसाठी आणि नंतर हिंदीसाठी टंक, शब्दसंस्कारक, ब्राउझर आदी साधनांच्या तबकड्या विनामूल्य वाटल्या आणि पुढे इतर भारतीय भाषांसाठीही तो उपक्रम चालवला. अर्थाने तेही जोडसंचच होते. पण तबकडीत काय आहे याची यादी तबकडीबरोबरच असे आणि त्यातील काय बसवायचे हे वापरकर्ता ठरवी. अनेक वस्तू एकत्र बांधणे यात मुळात काही गैर नाही. बांधलेले काय आहे ते सांगितले आहे की झाकले आहे, हा खरा प्रश्न आहे.

४. उदय : न मागितलेल्याचा बाजार

१९९८ मध्ये स्थापन झालेली 'गेटर' ही कंपनी या व्यवसायाच्या आरंभीची ठळक खूण मानता येईल. संकेतशब्द लक्षात ठेवणारी मोफत आज्ञावली ती देत असे आणि त्यासोबत वापरकर्त्याच्या महाजालावरील वावरानुसार जाहिराती दाखवणारी यंत्रणाही बसवत असे. २००१ मध्ये आलेल्या 'कझा' या संचिका-देवाणघेवाणीच्या आज्ञावलीने या पद्धतीला प्रचंड प्रसार मिळवून दिला. कझासोबत जाहिरातदर्शक आज्ञावली येतच. शिवाय २००२ मध्ये असे उघडकीस आले की 'ब्रिलियंट डिजिटल' या कंपनीची एक आज्ञावलीही त्यात असून वापरकर्त्यांच्या संगणकांचे एक स्वतंत्र जाळे उभारण्याची तिची योजना होती. या योजनेला मुभा देणारी कलमे परवान्याच्या संहितेत होती. म्हणजे काहीही लपवलेले नव्हते; ते केवळ कोणी वाचले नव्हते.

याच काळात काही वापरकर्त्यांनी कझामधून ही जोड काढून टाकून 'कझा लाइट' अशी आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा २००३ मध्ये कझाच्या मालक कंपनीने प्रताधिकार कायद्याचा आधार घेऊन तिचे दुवे शोधयंत्रातून काढावयास लावले. जिच्या आज्ञावलीवर इतरांच्या प्रताधिकाराचा भंग राजरोस चालत होता, तिने आपल्या गाठोड्याच्या रक्षणासाठी प्रताधिकारालाच साक्षीला बोलवावे यातील विसंगती स्पष्ट आहे. परंतु तिच्यातून हेही दिसते की गाठोडे हा आता मूळ वस्तूचा अविभाज्य, किंबहुना अधिक मौल्यवान भाग झाला होता.

या बाजाराचे गणित सोपे होते. मोफत सॉफ्टवेअरच्या कर्त्याला वापरकर्त्याकडून काही मिळत नसे. पण त्याच्या संगणकावर आपली वस्तू पोचावी म्हणून पैसे मोजणारे अनेक होते. प्रत्येक यशस्वी स्थापनेमागे ठरावीक रक्कम द्यावयाची, अशी पद्धत रुळली. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार हा दर स्थापनेमागे १० सेंट ते दीड डॉलर इतका होता. कर्ता आणि जाहिरातदार यांच्या मध्ये दलाल-कंपन्या उभ्या राहिल्या. २००८ मध्ये सुरू झालेली 'ओपनकँडी' आणि इस्रायलमधील 'कंड्युइट' व 'इन्स्टॉलकोअर' ही त्यांतील ठळक नावे.

हा व्यवहार केवळ आडबाजूच्या मंडळींचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. 'जावा' अद्ययावत करताना ओरॅकल ही कंपनी 'आस्क' टूलबार पुढे करत असे. अडोबीच्या 'फ्लॅश'सोबत मॅकॅफीची सुरक्षा-तपासणी येई. गूगलचा टूलबार आणि नंतर त्याचा क्रोम ब्राउझरही अशाच मार्गाने, इतरांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून, अनेक संगणकांवर पोचला. पुढे या पद्धतीचा न्यायनिवाडा करणारे स्वतः एके काळी तिचे ग्राहक होते, ही बाब येथेच नोंदवून ठेवावी.

व्यवसायाबरोबर शब्दांचाही झगडा चालू होता. 'स्पायवेअर' म्हणजे हेरगिरी करणारी आज्ञावली, असा आपला उल्लेख केल्याबद्दल गेटरने २००३ मध्ये 'पीसी पिटस्टॉप' या संस्थेवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्याच वर्षी स्वतःचे नावही बदलून 'क्लेरिया' असे घेतले. असे वाद टाळण्यासाठी सुरक्षा-कंपन्यांनी 'संभाव्य अनावश्यक आज्ञावली' अशा अर्थाची सौम्य संज्ञा रूढ केली. या संज्ञेत दोष वस्तूत राहत नाही. तो वापरकर्त्याच्या इच्छेवर सोपवला जातो, आणि तोही केवळ संभाव्य म्हणून. नाव कोणी ठेवायचे, हा प्रश्न साहित्याभ्यासकाला नवा नाही. येथे त्याला रोख किंमत होती.

५. उंबरठ्यावरची संहिता

जेरार जेनेत यांनी १९८७ च्या 'स्यूई' या ग्रंथात मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, टीपा अशा साहित्यकृतीभोवतीच्या लेखनाला 'उंबरठा' मानून त्याची मीमांसा केली. इन्स्टॉलर हा सॉफ्टवेअरचा असाच उंबरठा होय. त्याची रचना बहुधा ठरलेली असे. प्रथम स्वागताचा पडदा; मग एका लहान चौकटीत कोंबलेला, सरकवत वाचावयाचा दीर्घ परवाना; त्यानंतर 'जलद' आणि 'स्वेच्छ' अशा दोन पर्यायांची निवड; आणि शेवटी 'पुढे' म्हणणारे बटण. 'जलद' पर्यायाशेजारी 'शिफारस केलेला' असा शब्द असे, तर 'स्वेच्छ' पर्यायाशेजारी 'जाणकारांसाठी' असा. जोडलेल्या वस्तूंची नावे दुसऱ्या पर्यायातच दिसत, आणि तेथेही त्यांच्यापुढील चौकटींत होकाराची खूण आधीच केलेली असे. नकार द्यावयाचा तर कृती करावी लागे. होकारासाठी काही न करणे पुरेसे होते.

या रचनेचे स्वरूप समजण्यासाठी आपल्या परंपरेतील दोन संकल्पना उपयोगी पडतात. पहिली, अनुबंधचतुष्टयाची. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा दंडक होता. ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, त्याचा विषयाशी नाते काय आणि तो कशासाठी, हे उंबरठ्यावरच सांगितले जाई, म्हणजे वाचकाने प्रवेश करावा की नाही ते ठरवावे. जोडसंचाचा उंबरठा या चारही अंगांनी उलटा आहे. त्याचा अधिकारी म्हणजे घाईत असलेला कोणीही. विषय सांगितला जातो तो मुख्य वस्तूचाच. मुख्य वस्तू आणि जोड यांचा संबंध खोटा भासवला जातो. आणि प्रयोजन, म्हणजे स्थापनेमागे मिळणारी रक्कम, कोठेच सांगितले जात नाही.

दुसरी संकल्पना मीमांसकांची. विधी म्हणजे कर्तव्याची आज्ञा आणि अर्थवाद म्हणजे त्या कर्तव्याकडे मन वळवणारी स्तुती. अर्थवादाला प्रामाण्य मिळते ते विधीशी असलेल्या एकवाक्यतेमुळे. इन्स्टॉलरच्या पडद्यावर ही एकवाक्यताच तुटते. मोठ्या अक्षरांतील स्तुती एका आज्ञावलीची असते आणि बारीक अक्षरांतील विधी दुसरीच आज्ञावली बसवतो. वाचकाला आपण स्तुतीला होकार दिला असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा होकार विधीला लागतो.

वोल्फगांग इझर यांनी संहितेच्या घडणीतच अध्याहृत असलेल्या वाचकाची कल्पना मांडली. परवान्याच्या संहितेत मात्र अध्याहृत असतो तो न-वाचक. ही संहिता वाचली जाऊ नये अशीच लिहिली जाते. याचा एक बोलका पडताळा वर उल्लेखिलेल्या पीसी पिटस्टॉप या संस्थेनेच घेतला. तिने आपल्या एका आज्ञावलीच्या परवान्यात, दिलेल्या पत्त्यावर लिहिणाऱ्यास आर्थिक मोबदला मिळेल असे कलम घातले. चार महिने उलटले आणि ती आज्ञावली ३,००० हून अधिक वेळा उतरवून घेतली गेली, तेव्हा कोठे एका व्यक्तीचे पत्र आले. तिला १,००० डॉलर देण्यात आले. हा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायद्यानेही या उंबरठ्याचे वाचन केले आहे. नेटस्केपच्या 'स्मार्टडाउनलोड' या मोफत आज्ञावलीचा परवाना तिच्या डाउनलोडच्या बटणाच्या खाली, पान सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी होता. न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये, 'स्पेक्ट विरुद्ध नेटस्केप' या खटल्यात, अशा स्थितीत बटण दाबणे ही परवान्याला दिलेली संमती ठरत नाही असा निर्णय दिला. निवाडा महत्त्वाचा खरा. पण त्याने सूचना वाचकाला ठळकपणे दिसावी एवढेच मागितले. ती वाचली व समजली जावी ही अट त्यात नव्हती. दिसणे आणि वाचले जाणे यांच्यामध्ये जी फट राहिली, तिच्यातच जोडसंचाचे पुढचे सारे तंत्र वाढले.

भारतीय वापरकर्त्याच्या बाबतीत ही फट आणखी रुंद होती. त्याच्यापुढे येणारी संहिता बहुशः इंग्रजीत आणि त्यातही अमेरिकी कायद्याच्या इंग्रजीत असे. ज्याला इंग्रजी बेताचे येते त्यालाही 'नेक्स्ट' आणि 'ओके' हे शब्द कळत. त्यांच्या वरचा मजकूर कळत नसे. ते दोन शब्द त्याच्यासाठी भाषेचे न राहता खुणेचे झाले. संमतीचा उच्चार परक्या भाषेत आणि तोही खुणेपुरता होत असेल, तर त्याला संमती का म्हणावे, हा प्रश्न त्या काळात क्वचितच विचारला गेला.

६. प्रक्षेप

आतापर्यंतच्या उदाहरणांत जोड बांधणारा स्वतः कर्ताच होता. २०११ नंतर चित्र पालटले. कर्त्याचा काही संबंध नसताना, त्याची कृती साठवणाऱ्या व वाटणाऱ्या भांडारांनीच तिच्याभोवती गाठोडे बांधावयास सुरुवात केली.

सीनेट या कंपनीच्या 'डाउनलोड डॉट कॉम' या भांडाराने २०११ मध्ये इतरांच्या मोफत आज्ञावली स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून देण्यास आरंभ केला. 'एनमॅप' या ख्यातनाम मुक्त साधनाचे कर्ते गॉर्डन लायन यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याचा जाहीर निषेध केला. त्यांच्या नावावरच्या विश्वासाने आलेल्या वापरकर्त्याला टूलबार आणि बदललेले शोधयंत्र मिळत होते, आणि दोष मात्र त्यांच्या माथी येत होता. मुक्त सॉफ्टवेअरचे माहेरघर समजले जाणारे 'सोर्सफोर्ज' हे भांडारही २०१३ मध्ये 'देवशेअर' नावाच्या योजनेने या वाटेला लागले. 'गिंप' या चित्रसंपादन-आज्ञावलीच्या प्रकल्पाने त्याच वर्षी तेथून काढता पाय घेतला. तरीही २०१५ च्या मे महिन्यात, गिंपची विंडोजसाठीची आवृत्ती भांडाराने आपल्या ताब्यात घेऊन जोडीच्या प्रस्तावांसह दिली असल्याचे उघड झाले आणि मोठा गदारोळ उठला.

पाठचिकित्सेच्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणावे लागेल. प्रक्षेपकार स्वतःच्या नावाने लिहीत नाही. मान्यता पावलेल्या ग्रंथाच्या प्रामाण्याचा लाभ आपल्या मजकुराला मिळावा, म्हणून तो त्या ग्रंथात शिरतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जवळजवळ अर्धशतक खर्ची घातले. या दोन्ही उद्योगांमागे एकच जाणीव होती : ग्रंथाची प्रत करणारा ग्रंथाचा विश्वस्त असतो, मालक नव्हे. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. जुन्या प्रक्षेपांमागे बहुधा भक्ती, सांप्रदायिक आस्था किंवा स्थानिक अभिमान असे, आणि त्यांतील कित्येकांना स्वतंत्र वाङ्मयीन मोल आहे. जोडसंचाच्या प्रक्षेपामागे दरपत्रक होते. शिवाय मुक्त परवान्याने फेरफाराची मुभा दिलेली असल्याने येथील अपराध अनेकदा कायद्याचा नसून विश्वासाचा होता. म्हणूनच न्यायालयापेक्षा समुदायाच्या बहिष्काराने येथे अधिक काम केले. २०१६ च्या आरंभी सोर्सफोर्जची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी देवशेअर योजना लगोलग बंद केली.

७. अस्त : वाचणारे राखणदार

जोडसंचाच्या ऱ्हासाची कारणे एकाहून अधिक आहेत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००६ मध्ये 'झँगो' या कंपनीकडून ३० लाख डॉलर आणि २००७ मध्ये 'डायरेक्ट रेव्हेन्यू'कडून १५ लाख डॉलर तडजोडीपोटी वसूल केले. क्लेरिया २००६ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली आणि झँगो २००९ मध्ये बंद झाली. त्याच २००९ मध्ये सिअर्स या विक्रेत्या कंपनीच्या प्रकरणात आयोगाने असे प्रतिपादिले की वापरकर्त्याच्या वावराची नोंद ठेवण्यासारखी महत्त्वाची बाब लांबलचक परवान्याच्या पोटात सांगणे पुरेसे नाही. दिसणे आणि वाचले जाणे यांतील फट येथे प्रथमच ठळकपणे मान्य झाली असे म्हणता येईल.

तथापि निर्णायक घाव कायद्याने घातला नाही. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहिरातदर्शक आज्ञावलींविषयी कडक निकष लागू केले. त्याच वर्षी गूगलने फसव्या सॉफ्टवेअरबद्दल क्रोममधील धोक्याच्या इशाऱ्यांची व्याप्ती वाढवली आणि विंडोजवरील क्रोममध्ये आपल्या भांडाराबाहेरची जोडसाधने बसवणे बंद केले. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या अभ्यासात या व्यवसायाशी संबंधित उतरवणुकींचे प्रयत्न दर आठवड्याला ६ कोटींहून अधिक असल्याचे नोंदले आहे, आणि ही संख्या घातक आज्ञावलींच्या जवळजवळ तिप्पट होती. दरम्यान लेनोव्होच्या नव्या संगणकांवर कारखान्यातूनच बसवलेल्या 'सुपरफिश' या आज्ञावलीमुळे सुरक्षित देवाणघेवाणच धोक्यात येते, हे २०१५ मध्ये उघड झाल्याने लोकमतही तापले होते. इन्स्टॉलकोअर २०२० मध्ये बंद पडले. २०२१ च्या ऑगस्टपासून विंडोज १० ने संभाव्य अनावश्यक आज्ञावली आपोआप अडवण्यास सुरुवात केली.

याहून मूलगामी बदल म्हणजे उतरवून घेण्याची जागाच बदलली. २००८ मध्ये ॲपल आणि गूगल यांनी मोबाइलसाठी आपापली ॲप-भांडारे उघडली. भारतातील बहुसंख्य नवे वापरकर्ते इन्स्टॉलरचा उंबरठा न ओलांडताच थेट या भांडारांत आले. ज्यांनी कधी 'पुढे, पुढे' म्हटलेच नाही, त्यांच्यासाठी जुना जोडसंच संपलाच होता.

पण गाठोडे नाहीसे झाले असे नव्हे. ते बांधण्याची जागा सरकली. आता ते फोनच्या कारखान्यातच बांधले जाऊ लागले. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो अँड्रॉइड फोनवर स्वतःच्या ॲपचा अख्खा संच आधीपासून बसवण्याची सक्ती आदी कारणांसाठी. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही आदेश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. एके काळी इतरांच्या गाठोड्यांतून प्रवास करणारा, नंतर गाठोड्यांचा राखणदार झालेला, आता स्वतःच्या गाठोड्याबद्दल आरोपीच्या जागी उभा होता.

राखणदारीची आणखी एक किंमत आहे आणि ती लहान भाषांना अधिक बोचते. विंडोजची तपासणी-यंत्रणा आज्ञावलीच्या कर्त्याची ओळख व लौकिक पाहते. ज्याच्याकडे विकतचे प्रमाणपत्र नाही आणि ज्याच्या आज्ञावलीचे वापरकर्ते थोडे आहेत, त्याच्या निरुपद्रवी कृतीपुढेही इशारा झळकू शकतो. कन्नडसाठी शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ मध्ये सिद्ध केलेल्या 'बरहा'ने पुढे देवनागरीलाही सामावून घेतले आणि अनेक मराठी लेखकांना संगणकावर लिहिते केले. अशी वस्तू एखाद्या व्यक्तीने आज स्वतःच्या हिमतीवर वाटावयास काढली, तर तिचे स्वागत प्रथम संशयाने होण्याची शक्यता आहे. जोडसंचवाल्यांनी जे नासवले त्यात केवळ वापरकर्त्यांचे संगणक नव्हते. अनोळखी कर्त्यावर विश्वास ठेवण्याची सवयही होती.

८. समारोप : संमतीचे भाषांतर

युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये 'प्लॅनेट४९' प्रकरणात, आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे असा निर्वाळा दिला. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या रचनांच्या १३ प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा असावी, असे म्हटले आहे. त्याचे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

येथे हा विषय पुन्हा तौलनिक साहित्याभ्यासाच्या अंगणात येतो. २२ भाषांतील या संहिता लिहिणार कोण? 'कन्सेंट' या एका शब्दासाठी मराठीत संमती, सहमती, अनुमती, मान्यता असे पर्याय आहेत. 'अनुमती' वरच्याने खालच्याला द्यावयाची, 'सहमती' बरोबरीच्यांत व्हावयाची, 'मान्यता' अधिकृत गोष्टीला मिळावयाची. बटणावर 'मान्य आहे' असे लिहिले की 'मी संमती देतो', यावर दाबणाऱ्याची भूमिका ठरते. यंत्राकरवी केलेल्या शब्दशः भाषांतराने कायद्याची अट कदाचित पुरी होईल. पण न-वाचकाला गृहीत धरून इंग्रजीत लिहिलेल्या संहितेचे २२ भाषांत रूपांतर झाले, तर त्यातून २२ भाषांतील न-वाचकच निर्माण होतील.

जोडसंचाच्या उदयास्तातून एवढे निश्चित दिसते की ज्या समाजात संमतीची संहिता कोणी वाचत नाही, तेथे ती संहिता दोघांपैकी एकाच्या हाती जाते : तिचा गैरफायदा घेणाऱ्याच्या, किंवा सर्वांच्या वतीने वाचणाऱ्या राखणदाराच्या. दुसरी स्थिती पहिलीपेक्षा बरी हे मान्य केले, तरी तिला वाचकाचे स्वातंत्र्य म्हणता येत नाही. उंबरठ्यावरची संहिता वाचनीय करणे, तिच्यात अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन स्पष्ट असावे असा आग्रह धरणे, आणि ते प्रत्येक भाषेच्या स्वतःच्या घडणीतून साधणे हे काम केवळ कायदेपंडितांवर व अभियंत्यांवर सोपवण्यासारखे नाही. एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेताना काय सांडते याचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांचाही त्यात वाटा असला पाहिजे.